लहान जेट इंजिन पूर्ण वेगावर नेताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

आयडलवर, म्हणजे सर्वात कमी स्थिर वेगावर, गुळगुळीत चालणारे इंजिन पूर्ण थ्रॉटललाही तसेच चालेल, ही समजूत बऱ्याच बिघाडांच्या मुळाशी असते. आयडल आणि सर्वोच्च वेग या दोन स्थितींत इंजिनावर येणाऱ्या भारात बारा पटींचा फरक असतो. म्हणून इंजिन नवे असेल, सर्व्हिसिंगहून परत आले असेल किंवा काही महिने पडून असेल, तर ते थेट विमानात बसवून थ्रॉटल पुढे ढकलू नये. आधी चाचणी स्टँडवर, ठरलेल्या क्रमाने, एकेक पायरी तपासत वर न्यावे. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

यातले आकडे मॉडेल विमानांतल्या एका नेहमीच्या प्रकारच्या इंजिनाचे आहेत: केरोसिनवर चालणारे, एकच शाफ्ट, ६६ मिमी व्यासाचा सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर (हवा दाबणारे चाक), मागे एक टर्बाइन चाक, आयडल ३५,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), कमाल १,२०,००० आरपीएम आणि थ्रस्ट (पुढे ढकलणारे बल) सुमारे १०० न्यूटन. याहून लहान इंजिने दोन लाखांच्या वरही फिरतात, मोठी इंजिने लाखाच्या आत राहतात. तुमच्या इंजिनाची वेगाची व तापमानाची मर्यादा मात्र त्याच्या मॅन्युअलमधलीच धरा.

## १. आधी गणित: वेग दुप्पट झाला की ताण चौपट

मिनिटाला १,२०,००० म्हणजे सेकंदाला २,००० फेरे. या वेगाला ६६ मिमी चाकाची कडा सेकंदाला सुमारे ४१५ मीटर वेगाने पळते. १५ अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग ३४० मीटर असतो. आयडलला त्याच कडेचा वेग जेमतेम १२१ मीटर असतो.

चाकावरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. कमाल वेगाला कडेवरच्या एका ग्रॅम धातूला जागेवर धरून ठेवायला सुमारे ५३० किलो वजनाइतके बल लागते. मर्यादेच्या ५ टक्के वर गेलात तर ताण १० टक्के वाढतो, १० टक्के वर गेलात तर २१ टक्के. इसीयूमधली (इंधनपंप आणि इंजिन नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संचातली) कमाल वेगाची मर्यादा "थोडीशीच" वाढवणाऱ्यांनी हे दोन आकडे आधी पाहावेत. टर्बाइनचे चाक तर लालबुंद तापलेल्या अवस्थेत हा ताण सोसत असते. तापलेला धातू सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत जातो आणि पाती बाहेरच्या रिंगला घासू लागतात.

असमतोलाचेही गणित तेच. कॉम्प्रेसरच्या पात्याच्या टोकाचा ०.०५ ग्रॅमचा टवका उडाला आणि ते टोक केंद्रापासून ३० मिमीवर असेल, तर आयडलला बेअरिंगवर सुमारे २० न्यूटनचे फिरते बल येते. इंजिन ते मुकाट्याने सोसते, हाताला कंपनही जाणवत नाही. १,२०,००० आरपीएमला तोच टवका सुमारे २३७ न्यूटनचा हिसका देतो, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या थ्रस्टच्या दुपटीहून जास्त, तोही सेकंदाला दोन हजार वेळा. आयडलची शांतता हा पुरावा का मानायचा नाही, ते यावरून कळते.

आता आत काय चालते ते पाहू. पूर्ण वेगाला हे इंजिन सेकंदाला सुमारे २३० ग्रॅम, म्हणजे १९० लिटरच्या आसपास हवा ओढते. कॉम्प्रेसर तिचा दाब अडीच पटीच्या पुढे नेतो आणि त्या दाबण्यातच हवा १४० अंशांच्या आसपास तापते. या कामाला सुमारे ३० किलोवॅट, म्हणजे ४० अश्वशक्ती लागते. ती सगळी शक्ती टर्बाइन गरम वायूतून काढून त्याच शाफ्टमधून पुढे देते. जळायला प्रत्यक्षात एक तृतीयांशाहून कमी हवा लागते. उरलेली हवा ज्वलनकक्षाच्या भोकांमधून आत शिरून ज्वाळेला भिंतींपासून दूर ठेवते आणि टर्बाइनपर्यंत पोचणारा वायू थंड करते. तुम्ही पाहता ते एक्झॉस्टचे तापमान टर्बाइनच्या मागचे असते. टर्बाइनच्या पुढचा वायू त्याहून १०० ते १५० अंश जास्त गरम असतो.

इसीयू वेग थेट ठरवत नाही, तो फक्त पंपाला मिळणारे व्होल्टेज कमी-जास्त करतो. इंधन वाढले की टर्बाइन कॉम्प्रेसरच्या गरजेपेक्षा जास्त शक्ती देते, शाफ्ट वेग घेतो, हवा वाढते आणि नव्या वेगाला पुन्हा तोल साधतो. म्हणून इंधनातली किंवा हवेतली कोणतीही खोट शेवटी वेग, तापमान आणि पंप व्होल्टेज या तीन आकड्यांत उमटते. पुढची सगळी चाचणी म्हणजे हे तीन आकडे एकत्र वाचणे.

## २. इंधन आणि तेल

या इंजिनाला वेगळी तेलटाकी नसते. इंधनातच तेल मिसळलेले असते आणि त्या मिश्रणाचा छोटा हिस्सा बारीक नळीतून बेअरिंगना जातो, तिथून वायूत मिसळून बाहेर पडतो. तेल विसरलात तर बेअरिंग कोरडी चालतात. ८ मिमी भोकाचे बेअरिंग १,२०,००० आरपीएमला फिरवणे हे साध्या बेअरिंगच्या कुवतीबाहेरचे काम आहे. म्हणून इथे सिलिकॉन नायट्राइडचे गोळे असलेली सिरॅमिक बेअरिंग वापरतात. हे गोळे पोलादापेक्षा सुमारे ६० टक्के हलके असल्याने बाहेरच्या कडीवर कमी दाब देतात. पण तेलावाचून तीही टिकत नाहीत.

१. जेट ए-१ किंवा स्वच्छ केरोसिन घ्या. तळाशी पाणी किंवा गाळ दिसला तर ते इंधन वापरू नका.

२. मॅन्युअलने सांगितलेले तेल त्याच प्रमाणात घाला. बहुतेक इंजिनांना ५ टक्के लागते, म्हणजे २० लिटरला १ लिटर किंवा ४ लिटरला २०० मिली. काही निर्माते ३ ते ४ टक्के सांगतात.

३. तेल आधी थोड्या इंधनात ढवळा, मग मोठ्या कॅनमध्ये ओतून कॅन नीट हलवा. तेल घातल्याची खूण आणि तारीख कॅनवर लगेच लिहा.

४. टाकीत भरताना बारीक गाळणी वापरा.

साध्या केरोसिनमध्ये स्थिर विद्युत रोखणारे द्रव्य नसते. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीतून वेगाने वाहणारे इंधन विद्युतभार साठवते आणि ठिणगीने इसीयू गोंधळतो. चालू इंजिन विनाकारण बंद पडण्यामागे हेही एक कारण असते. इसीयू निर्मात्याने अँटिस्टॅटिक द्रव्य सुचवले असेल तर ते टाळू नका.

इशारा: अनेक टर्बाइन तेलांत ट्रायक्रेसिल फॉस्फेट असते आणि ते त्वचेतून शरीरात जाते. हातमोजे घाला, धुराच्या रेषेत उभे राहू नका.

## ३. इंधनाची वाट: बुडबुडे शोधण्याची जागा इथेच

सर्वात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. आकाशात इंजिन बंद पडण्याची कारणे शोधत गेलात तर पुन्हा पुन्हा हवेच्या बुडबुड्याशीच येऊन थांबाल.

पूर्ण थ्रॉटलला हे इंजिन मिनिटाला सुमारे ३५० मिली इंधन पिते, आयडलला ९० मिलीच्या आसपास. १ मिलीचा बुडबुडा पूर्ण थ्रॉटलला सेकंदाच्या सहाव्या भागात निघून जातो. आयडलला तोच बुडबुडा ज्वाळेला दोन तृतीयांश सेकंद उपाशी ठेवतो आणि ज्वाळा विझते. त्यात एक खोच आहे. पंप सर्वात जोराने ओढतो तो पूर्ण थ्रॉटलला, म्हणून बुडबुडे तयार होतात तेव्हा. इंजिन विझते मात्र थ्रॉटल मागे घेतल्यावर. लोक मग आयडलची सेटिंग बदलत बसतात आणि दोष टाकी-पंपाच्या नळीत तसाच राहतो.

जोडणीचा क्रम असा ठेवा: मुख्य टाकी, हवा अडवणारी छोटी टाकी, पंप, फिल्टर, शट-ऑफ व्हॉल्व्ह, इंजिन. टाकीपासून पंपापर्यंतची नळी जाड, बाहेरून ६ मिमी, आणि शक्य तितकी आखूड असावी. पंपापासून पुढे ४ मिमी चालते. पंपाच्या आधी बारीक जाळीचा फिल्टर बसवला तर ओढ वाढते आणि केरोसिनमध्ये विरघळलेली हवाच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. निर्मात्याने स्पष्ट सांगितल्याशिवाय तिथे फिल्टर नको.

नळी कात्रीने कापू नका. कात्रीने टोक चेपते आणि तिरके होते, ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) पूर्ण बसत नाही. अशा जोडातून पंपाच्या पुढच्या बाजूला इंधन गळते, ते दिसते तरी. पंपाच्या मागच्या बाजूला हवा आत ओढली जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. धारदार ब्लेडने काटकोनात कापा, टोक जोडात शेवटपर्यंत दाबा, मग ओढून पाहा.

जोडणी झाली की अशी तपासणी करा:

१. इंजिनाकडे जाणारी नळी इंजिनापासून सोडवा आणि मोजमापाच्या बाटलीत सोडा.

२. इसीयूच्या पंप-चाचणी मेनूतून पंप चालवा. हवा निघून जाऊ द्या.

३. नळी पारदर्शक असते, तिच्यामागे पांढरा कागद धरा. धार अखंड दिसली पाहिजे. पहिले अर्धे मिनिट बुडबुडे आले तर चालेल, त्यानंतर एकही नको.

४. पूर्ण थ्रॉटलच्या प्रवाहाइतका पंप चालवून ३० सेकंदांत किती इंधन जमले ते मोजा. या इंजिनाला १७५ मिलीहून कमी जमले तर पंप, नळी किंवा फिल्टर यांपैकी कुठेतरी अडथळा आहे.

५. नळी भरलेली असतानाच इंजिनाला परत जोडा.

इशारा: नळी इंजिनाला जोडलेली असताना पंप-चाचणी कधीही करू नका. इंधन ज्वलनकक्षात साचते आणि पुढच्या स्टार्टला मागून मोठी ज्वाळा येते. चुकून तसे झालेच तर वीज तोडा, इंजिनाचे तोंड वर आणि शेपूट खाली करून सगळे इंधन निथळू द्या.

## ४. रोटर आणि हवेची वाट

वीज बंद असताना कॉम्प्रेसरच्या नटला बोटाने हलके फिरवा. फिरणे रेशमासारखे लागायला हवे, कुठे अडखळ नको, खरखर नको. नट आत दाबला तर थोडा सरकून परत यावा. बेअरिंगला सतत दाब देणाऱ्या स्प्रिंगची ती लवचीकता असते आणि त्या दाबामुळेच जास्त वेगाला गोळे न घसरता फिरतात. दाबल्यावर परत न येणारा किंवा आडवा हलणारा शाफ्ट दिसला तर चाचणी तिथेच थांबवा.

कॉम्प्रेस्ड हवेचा झोत मारून रोटर (शाफ्ट आणि त्यावरची चाके) गरगर फिरवण्याची सवय फार घातक आहे. आवाज ऐकायला मजा वाटते, पण इंधन वाहत नसल्याने बेअरिंगला तेलाचा थेंबही मिळत नाही आणि झोत रोटरला सहज हजारो फेऱ्यांवर नेतो.

कॉम्प्रेसरची पाती टॉर्च आडवा धरून पाहा. टोकांना टवके, वाक किंवा चमकणारे ओरखडे आहेत का? मागून टर्बाइनची पाती आणि बाहेरची रिंग पाहा. दोन्हींमध्ये फट सगळीकडे सारखी हवी, घासल्याची चकाकी नको.

मग तोंडावर जाळी बसवा. स्टँडच्या आसपासची जमीन झाडा किंवा ओली करा. खडे, नट, केबल टाय, प्लास्टिकचे तुकडे, कापडी फडकी काहीही राहू देऊ नका. सेकंदाला १९० लिटर हवा ओढणारे तोंड बाहीचा सैल पट्टा किंवा गळ्यातली दोरीही ओढून घेते.

## ५. स्टँड, जागा आणि आग

स्टँड जड पायावर बोल्टने पक्का करा. १० किलो वजनाइतक्या जोराने पुढे खेचून बघा, तो हलता कामा नये. इंजिनाचे तोंड वाऱ्याकडे ठेवा. मागून वारा आला तर स्टार्टच्या वेळी गरम वायू परत आत ढकलला जातो आणि तापमान उसळते. मागे भिंत असेल तर एक्झॉस्ट तिच्यावर आपटून पुन्हा तोंडात शिरतो. ही चूक फार जण करतात आणि मग इंजिनच जास्त तापते अशी तक्रार करतात. मागे किमान दहा मीटर मोकळी जागा ठेवा.

टर्बाइनचे चाक ज्या पातळीत फिरते, त्या पातळीत दोन्ही बाजूंना कोणीही उभे राहू नये. पाते सुटले तर ते त्याच पातळीत बाहेर उडते. चालवणाऱ्याने इंजिनाच्या पुढे, तिरक्या कोनात, किमान पाच मीटरवर उभे राहावे. बाकीच्यांनी आणखी मागे राहावे. कानांवर मफ आणि डोळ्यांवर चष्मा सगळ्यांनी घालावा.

अग्निशामक कार्बन डायऑक्साइडचाच हवा. पावडरने आग विझते, पण पावडर बेअरिंगमध्ये आणि गरम धातूवर बसली की इंजिन वाया जाते. अग्निशामकाचे नळकांडे हाताशी धरून उभा राहणारा एक माणूस नेमा. तेच त्याचे एकमेव काम.

हाताने बंद होणारा इंधनाचा कॉक टाकी आणि पंप यांच्या मध्ये, पुढून हात पोचेल अशा जागी बसवा. इसीयूने ऐकणे सोडले तर इंजिन थांबवण्याचा तोच मार्ग उरतो.

तपासा: इसीयूची बॅटरी पूर्ण चार्ज आहे, फेल-सेफ (रिमोटचा संपर्क तुटल्यावर होणारी कृती) इंजिन बंद करण्यावर आहे आणि रिमोटचा थ्रॉटल-कट चालतो. तीनही गोष्टी इंधन न जोडता पडताळून घ्या.

## ६. स्टार्ट

बॅटरीवाला स्टार्टर रोटर फिरवतो, इग्नायटर (इंधन पेटवणारा भाग) तापतो, थोडे इंधन पेटते, तापमान चढते, मग मुख्य व्हॉल्व्ह उघडतो आणि इसीयू इंधन वाढवत नेतो. स्टार्टर सुटल्यावर इंजिन स्वतःच्या बळावर आयडलला पोचते. या सगळ्यात तुमचे काम पाहण्याचे आणि ऐकण्याचे असते.

चांगल्या स्टार्टमध्ये तापमान आणि वेग हातात हात घालून चढतात. तापमान झपाट्याने वर आणि वेग जागच्या जागी, असे दिसले की लगेच बंद करा. कारण बहुधा अशक्त बॅटरी, घसरणारा स्टार्टर क्लच किंवा आत साचलेले इंधन असते. मागून पिवळी ज्वाळा आली तर इंधन तोडा आणि स्टार्टर फिरत राहू द्या, म्हणजे ज्वाळा हवेने बाहेर फेकली जाते. त्यानेही विझली नाही तर कार्बन डायऑक्साइड तोंडातून मारा.

फसलेल्या स्टार्टनंतर तसाच दुसरा प्रयत्न करू नका. आधी इंधन निथळा, इंजिन हाताला गार लागू द्या, कारण शोधा, मग पुन्हा.

## ७. पायरीपायरीने वर

आयडलला पोचल्यावर एक मिनिट थांबा. वेग स्थिर आहे का, नळीत बुडबुडे आहेत का, इंधन कुठे गळते का, पाहा. मग पुढच्या पायऱ्या घ्या. प्रत्येक पायरीला वेग, तापमान आणि पंप व्होल्टेज लिहून काढा. आठवणीवर विसंबू नका.

१. ६०,००० आरपीएम, ३० सेकंद. इथे तापमान बहुधा आयडलपेक्षा कमी दिसते. घाबरू नका, ते बरोबर आहे. आयडलला कॉम्प्रेसर आणि टर्बाइन दोघांचीही कार्यक्षमता वाईट असल्याने हवेच्या मानाने इंधन जास्त लागते.

२. ८०,००० आरपीएम, ३० सेकंद. स्टँडला हात न लावता कंपन पाहा. पाण्याने अर्धा भरलेला ग्लास स्टँडच्या पायावर ठेवला तर त्यावरचे तरंग चांगले सांगतात.

३. ९५,००० आरपीएम, २० सेकंद. आतापर्यंत थ्रस्ट निम्म्याच्या थोडा वर पोचतो. वेगाच्या शेवटच्या पाचव्या हिश्श्यात जवळजवळ उरलेला निम्मा थ्रस्ट येतो.

४. १,०५,००० आरपीएम, २० सेकंद.

५. १,१२,००० आरपीएम, १५ सेकंद.

६. १,२०,००० आरपीएम, पहिल्यांदा १० सेकंदच.

चौथ्या पायरीपासून पुढे डोळा तापमानावर आणि पंप व्होल्टेजवर ठेवा. दोन्ही चढायला हवेत, पण शांतपणे. व्होल्टेज वर-खाली नाचत असेल तर इंधनात हवा आहे. व्होल्टेज जास्त आणि वेग मात्र मागे, तर फिल्टर तुंबला आहे किंवा पंप थकला आहे. तापमान जास्त आणि वेग योग्य, तर हवा कमी पडते आहे. तोंडावरची जाळी, मळलेली पाती, मागून परत येणारा एक्झॉस्ट, या क्रमाने शोधा. ठरावीक वेगालाच कंपन येऊन पुढे नाहीसे होत असेल तर रोटर त्याच्या नैसर्गिक कंपनवेगातून जातो आहे. असे वेग झटकन ओलांडावेत, तिथे थ्रॉटल रेंगाळू देऊ नये. कंपन वेगाबरोबर वाढतच जात असेल तर तो असमतोल आहे. थ्रॉटल खाली घ्या आणि इंजिन निर्मात्याकडे पाठवा. घरी समतोल साधायचा प्रयत्न करू नका.

इशारा: मर्यादेच्या तापमानाजवळ पोचलात की पुढची पायरी घेऊ नका. वेगाची मर्यादा अजून दूर आहे, हे कारण पुरेसे नाही. दोन्हींपैकी जी आधी येईल ती तुमची मर्यादा.

## ८. वेग घेणे आणि सोडणे

पूर्ण वेग स्थिर मिळाल्यानंतरच ही चाचणी. आयडलपासून पूर्णपर्यंत जायला या आकाराच्या इंजिनाला साधारण तीन-चार सेकंद लागतात. ही मर्यादा इसीयू मुद्दाम घालतो. इंधन हवेच्या आधी वाढले तर ज्वलनकक्षातला वायू फुगून पुढचा प्रवाह अडवतो, कॉम्प्रेसरच्या पात्यांवरची हवा सुटते आणि प्रवाह क्षणभर उलटतो. याला सर्ज म्हणतात. "धप्प, धप्प" असा आवाज येतो, तापमान उसळते, कधी तोंडातूनही ज्वाळा दिसते. इसीयूमधली वेग घेण्याची सेटिंग जलद करणारे हाच धोका ओढवून घेतात. त्यांनी आयडल थोडे वर ठेवून उतरण्याच्या वेळी प्रतिसाद सुधारावा, तो सुरक्षित मार्ग आहे.

सोडताना उलटा धोका. इंधन एकदम कमी झाले तर भरपूर हवेत ज्वाळा पातळ होऊन विझते. पूर्णवरून आयडलला तीन वेळा या. तिन्ही वेळा वेग आयडलच्या खाली न घसरता स्थिर व्हायला हवा.

## ९. बंद करणे

पूर्ण थ्रॉटलवरून थेट बंद केले तर बाहेरची पातळ रिंग आधी गार होऊन आक्रसते, आतले जाड चाक अजून फुगलेलेच असते आणि दोघे घासतात. म्हणून ५०,००० ते ६०,००० आरपीएमवर, जिथे तापमान सर्वात कमी होते, तिथे १० ते १५ सेकंद थांबा. मग बंद करा.

बंद झाल्यावर टर्बाइनची उष्णता शाफ्टमधून मागच्या बेअरिंगकडे सरकते आणि तिथले तेल करपवते. हे टाळायला इसीयू स्टार्टरने रोटर फिरवत राहतो, तापमान १०० अंशांखाली येईपर्यंत. तोवर बॅटरी काढू नका. बॅटरी संपलीच तर तोंडातून ब्लोअरने हवा सोडा.

गार झाल्यावर चौथ्या टप्प्यातली रोटरची तपासणी पुन्हा करा. सकाळी रेशमासारखा फिरणारा शाफ्ट आता खरखरत असेल, तर बेअरिंगने पूर्ण वेगात मार खाल्ला आहे. तेल तपासा, फिल्टर उघडून आत चमकणारे कण आहेत का पाहा.

## १०. गरम दिवस, उंच जागा, विमानाचे पोट

३५ अंशांच्या हवेत १,२०,००० आरपीएम हे १५ अंशांच्या हवेतल्या सुमारे १,१६,००० आरपीएमसारखे वागते. त्यात हवा ६ ते ७ टक्के विरळ असते. परिणामी थ्रस्ट कमी आणि एक्झॉस्टचे तापमान जास्त. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटर उंचीवर हवा सुमारे १४ टक्के विरळ होते, थ्रस्टही जवळपास त्याच प्रमाणात घटतो. हा दोष नाही, आणि तो कमाल वेग वाढवून भरून काढायचा नाही. उड्डाणाचे वजन आणि धावपट्टीची लांबी यांत तो धरायचा.

विमानात बसवल्यानंतर सातव्या टप्प्यातल्या पायऱ्या पुन्हा घ्या आणि स्टँडवरच्या नोंदींशी ताडून पाहा. त्याच वेगाला तापमान २० ते ३० अंशांनी वाढले असेल तर विमानाचे हवेचे तोंड लहान पडते आहे किंवा मागच्या पाइपमधून गरम हवा पोटात परत येते आहे. पाइपचे तोंड आणि इंजिनाचे नॉझल यांच्यातले अंतर निर्मात्याने दिलेल्या मापावर आणा, दोन्हींचा मध्य एका रेषेत करा, पंखातली व पोटातली हवेची भोके मोठी करा आणि मग पुन्हा मोजा.

हीच नोंदवही पुढे दर काही उड्डाणांनंतर काढा. ९५,००० आरपीएमला लागणारे पंप व्होल्टेज हळूहळू चढत असेल तर आधी फिल्टर बदला. बदलूनही ते खाली आले नाही तर पंप बदला. आयडलपासून थांबेपर्यंत रोटर फिरत राहण्याचा वेळही स्टॉपवॉचने मोजून ठेवा. तो वेळ कमी होत चालला म्हणजे बेअरिंग झिजत आहेत. सर्व्हिसिंगची वेळ बहुतेक निर्माते २५ ते ५० तासांच्या दरम्यान सांगतात, पण हा वेळ घटू लागला तर तास भरायची वाट न पाहता इंजिन पाठवा.